फोटोतली थोरली

धाकटी: जाऊबाई, असे किती शर्ट झाले?

थोरली: असे म्हणजे कसे?

धाकटी: काजं उजव्या बाजूला पाडलीत. मुलांचे शाळेचे शर्ट आहेत ना हे? मुलांची काजं डावीकडे. तुम्हीच शिकवलंय मला.

थोरली: मी शिकवलेलं आठवतं का अजून? मला वाटलं, आता सगळं नगराध्यक्षबाईंनीच शिकवलं तुला.

धाकटी: एकोणीस आहेत.

थोरली: मोजू नकोस. काज एकदा पाडलं की पाडलं. फुंकर मारून बुजत नाही ते.

धाकटी: तीस वर्षांत तुमचं एक काज चुकलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे मी आल्यापासून तरी नाहीच.

थोरली: तीस वर्षांत माझ्या जावेला भर सभेत कुणी "ताई, नाव काय तुमचं?" असं विचारलंही नव्हतं. परवापासून गल्लीत दुसरा विषय नाही. नळावर गेले, तिथे तेच. पिठाच्या गिरणीत गेले, तिथे तेच. आणि परटीण मलाच विचारते, "तुमच्या घरातली ती बाई आहे का घरी?" अगं, मी काय त्या घरातलं खुंटीवरचं धुणं आहे?

धाकटी: तिला तसं म्हणायचं नसेल हो.

थोरली: तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तू समजावू नकोस. समजावतेस तेव्हा जास्त राग येतो.

धाकटी: बरं. ते एकोणीस मुलींच्या गठ्ठ्यात टाकू. कापड तेच, मापं तीच. मुलींसाठी कापून ठेवलेत त्यांना डावीकडे काजं पाडू. फिटंफाट. भाऊजींना कळायचंसुद्धा नाही.

थोरली: आणि बदल्यात?

धाकटी: बदल्यात काय?

थोरली: सकाळपासून तो कागद घेऊन माझ्या पुढून मागे, मागून पुढे करते आहेस. मला वाचता येत नाही, दिसतं मात्र चांगलं.

धाकटी: बदल्यात काही नाही. शर्टांचं शर्टांपाशी, कागदाचं कागदापाशी.

थोरली: मग काढ एकदाचा तो कागद. मांजर पिल्लू फिरवतं तसा फिरवू नकोस.

धाकटी: हा बघा. नगरपालिकेनं प्रत्येक गल्लीतून एक बाई मागितली आहे, समितीवर. रस्ता, दिवे, पाणी, गटार, जे काम मंजूर होईल ते नीट झालं की नाही, हे बघायचं. तिची सही झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही. फक्त त्या बाईसाठी गल्लीतल्या दोन बायकांनी शिफारस द्यायची. दोघी वीस वर्षं इथेच राहणाऱ्या हव्यात. परटिणीनं दिली.

थोरली: आणि दुसरी?

धाकटी: बाकी सगळ्या चार-पाच वर्षांच्या भाडेकरू आहेत. वीस वर्षांच्या तुम्हीच.

थोरली: कधीपर्यंत द्यायचाय?

धाकटी: आज पाचला खिडकी बंद होते.

थोरली: म्हणजे जावेच्या गळ्यात हार घालायला जाऊच पाहिजे. छान नियम केलाय.

धाकटी: हार कुठला? गटारात वाकून बघायचं काम आहे ते.

थोरली: मला सांग, बाईंच्या सभांना पहिल्यांदा कोण गेलं? या घरात त्यांचं नाव कुणी आणलं?

धाकटी: तुम्ही.

थोरली: तू तर म्हणायचीस, "पुढाऱ्याच्या भाषणाला जाऊन काय मिळतं? ऊन." मी ओढून नेलं तुला. बाईंनी सांगितलं, मी विटा वाहत होते, पस्तिसाव्या वर्षी पाटी हातात घेतली. तू एकदा ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आलीस. मी ते अकरा वेळा ऐकलं आणि अकरा वेळा टाळ्या वाजवल्या.

धाकटी: मी म्हटलं होतं तुम्हाला, चला माझ्याबरोबर शाळेत.

थोरली: म्हटलं होतंस. आणि मी काय म्हटलं?

धाकटी: "दोघी गेलो तर काजं कोण पाडणार?"

थोरली: मग? खोटं होतं का ते? तू तिकडे बाराखडी घोकत होतीस तेव्हा तुझ्या वाटणीची काजं या बोटांनी पाडली. आज तू सभेत उभी राहून फाडफाड बोलतेस, त्यातली निम्मी अक्षरं माझ्या बोटांतून गेली आहेत.

धाकटी: हे मी विसरलेली नाही, जाऊबाई.

थोरली: सांगितलंस मात्र कुणाला नाही. बाईंनी नाव विचारलं तेव्हा तुझं सांगितलंस.

धाकटी: त्यांनी माझंच विचारलं होतं!

थोरली: माहीत आहे गं. म्हणून तर जळते. तुझी काही चूक असती तर भांडून मोकळी झाले असते.

धाकटी: तुमचं नाव देऊया का? मी शिफारस करते. मी मागे हटते.

थोरली: आणि कागद कोण वाचणार? मुद्दाम बोललीस ना हे?

धाकटी: देवाशपथ नाही. मी वाचून दाखवलं असतं.

थोरली: म्हणजे खुर्चीत मी आणि पोपट तू. नको ती दया. आणि एवढं लक्षात ठेव, बाईंनी तुझं नाव विचारलं असेल, पण बाईंबरोबर पेपरात फोटो माझा आलाय. सहा वर्षांपूर्वी. तुझा आलाय का?

धाकटी: नाही आला.

थोरली: थांब. कपाटातून काढते. प्लॅस्टिकमध्ये ठेवलाय, बघ, डागसुद्धा नाही. ह्या बाई. ह्यांच्या समोर कोण आहे?

धाकटी: तुम्ही.

थोरली: गल्लीत ज्यानं ज्यानं हा वाचला त्यानं माझं कौतुक केलं. दूधवाला म्हणाला, "वहिनी, शाब्बास." तो चष्म्याचा दुकानदार, कधी मान वर करत नाही, तो उठून उभा राहिला. म्हणाला, "अशा बायका हव्यात." आता तुला वाचता येतं ना? वाच. मोठ्यानं वाच, काय लिहिलंय माझ्याबद्दल.

धाकटी: तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही?

थोरली: ह्यांनी दाखवलं ना. म्हणाले, "चांगलं लिहिलंय."

धाकटी: एवढंच?

थोरली: तेवढं पुरे झालं मला. तू वाच. तोंड का उतरलं तुझं?

धाकटी: "उघड्या गटारावरून सभेत गदारोळ. झाकणांचं काम तीन वर्षं रखडलं, नगराध्यक्ष निरुत्तर." आणि फोटोखाली... "नगराध्यक्षांना जाब विचारताना संतप्त महिला."

थोरली: कोण संतप्त?

धाकटी: तुम्ही. बाई सोडल्या तर फोटोत दुसरं कुणी बाईमाणूस दिसत नाही.

थोरली: पुन्हा वाच.

धाकटी: "जाब विचारताना संतप्त महिला."

थोरली: अहो! अहो, ऐकलं का? कात्री ठेवा खाली आणि इकडे बघा. ह्या फोटोखाली काय लिहिलंय म्हणून सांगितलं होतंत मला?

थोरला (आतल्या खोलीतून): चांगलं लिहिलंय म्हटलं होतं. मग? गटाराबद्दल बोललीस, चांगलंच केलंस की! त्याच गटारात पाय मुरगळून सहा महिने मशीन बंद होती तुझी. मी तर मनातल्या मनात म्हटलं, बायको वाघीण निघाली. माझ्याशी भांडायला नको म्हणून जास्त विषय काढला नाही.

थोरली: कापा तुम्ही. कापडच कापा.

धाकटी: जाऊबाई, बसा ना जरा.

थोरली: तुला हे कधीपासून ठाऊक आहे?

धाकटी: वर्ष झालं असेल. वाचायला यायला लागलं तशी मी जे सापडेल ते वाचत सुटले होते. पुड्या, पाट्या, औषधाच्या बाटल्या. एकदा कपाट आवरताना हे हाती लागलं.

थोरली: आणि बोलली नाहीस.

धाकटी: बोलायचं काय होतं? मला वाटलं, तुमचंच आहे, तुम्हाला माहीत असणार. उलट मला इतकं... सांगू का? मी तिथेच कपाटापाशी बसले. म्हटलं, जाऊबाई ज्या माणसाला इतकं मानतात त्यालाही तोंडावर विचारतात. मुरगळलेल्या पायानं सभेला जाऊन विचारतात. आणि घरी येऊन एका शब्दानं फुशारकी नाही. म्हटलं, मानायचं तर असं.

थोरली: मग?

धाकटी: मग काय, परवा सभेत तेच विचारलं. झाकणं मंजूर होऊन नऊ वर्षं झाली, ती गेली कुठे? माझे पाय कापत होते हो. पण म्हटलं, जाऊबाईंनी विचारलं होतं, त्या काही मेल्या नाहीत.

थोरली: बाई चिडल्या का तुझ्यावर?

धाकटी: नाही ना. आधी माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ताई, नाव काय तुमचं? मी चुकले. तुमच्या गल्लीनं एकदा विचारलं आणि मग सहा वर्षं कुणी विचारलं नाही, तशी फाइल खाली गेली. आता थांबू नका. मला विचारत राहा." वाईट नाहीत त्या, जाऊबाई. माझा आदर तर वाढला. पण त्यांच्यामागे कुणीतरी लागावं लागतं.

थोरली: "तुमच्या गल्लीनं एकदा विचारलं." असं म्हणाल्या?

धाकटी: असंच म्हणाल्या. त्यांच्या लक्षात आहात तुम्ही.

थोरली: दे तो फोटो इकडे.

धाकटी: आता तरी हसा. सहा वर्षांनी का होईना, कळलं ना तुम्हाला की त्यांनी तुम्हाला ओळखलंय?

थोरली: घड्याळात किती वाजले?

धाकटी: सव्वाचार.

थोरली: धाकटे, मी गप्प बसले तर तू आयुष्यभर मला मोठी समजशील ना?

धाकटी: असं काय विचारता?

थोरली: माझ्या जागी दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मीही बसणार होते, आत्ता, ते घड्याळ विचारलं तेवढा वेळ. पण तुझ्या तोंडाकडे बघवत नाही. मी जाब विचारला नव्हता.

धाकटी: म्हणजे?

थोरली: मागे बायका ओरडत होत्या गटाराचं. खऱ्या त्या. मी त्यांना ढकलून पुढे गेले. फोटोवाला दिसला म्हणून. आणि हे तोंड उघडं दिसतंय ना, ते "बाईंचा विजय असो" म्हणून उघडलंय. "विजय" मध्येच त्यानं बटण दाबलं.

धाकटी: जाऊबाई!

थोरली: पाय ठणकत होता आणि मी जयजयकार करत होते. ज्यांनी विचारलं त्यांचा फोटो नाही आला. माझा आला.

धाकटी: मग मी कुणाकडे बघून उभी राहिले?

थोरली: पेपरवाल्याकडे.

धाकटी: हसू नका हो! मी वर्षभर... रात्रशाळेतल्या गुरुजींनासुद्धा सांगितलं तुमचं.

थोरली: हसत नाहीये मी. बघ नीट.

धाकटी: पुसा ते. शर्टावर पडेल.

थोरली: पडू दे. एकोणीस बिघडलेत, विसावा बिघडेल. दे तो कागद आणि शाईची डबी.

धाकटी: मनात नसेल तर राहू द्या. खरंच. मी जबरदस्ती नाही करणार.

थोरली: मनात आहे आणि नाहीही. जळते आहे मी अजून, थांबलेलं नाही ते, एवढ्यात थांबणारही नाही. पण अंगठ्याला काय त्याचं? कुठे उठवायचा?

धाकटी: इथे, खालच्या चौकटीत. थोडा दाबून. झालं.

थोरली: हा माझा अंगठा परटिणीच्यापेक्षा मोठा आलाय.

धाकटी: आलाय खरा. मी पळते आता, पाऊण तासात पोचायला हवं. आल्यावर काजं मी पाडते, तुम्ही पडा जरा.

थोरली: थांब गं. पुढची सभा कधी आहे?

धाकटी: पंधरा दिवसांनी. का?

थोरली: काही नाही. आपलं विचारलं... विचारायचं असेल कुणाला काही, तर हात वर करावा लागतो, की नुसतं उठायचं?

धाकटी: नुसतं उठायचं.

थोरली: आणि पाय कापले तर?

धाकटी: पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरायचं. मी तसंच केलं.

थोरली: बरं. जा आता, खिडकी बंद होईल.