बावीसनंतर थांबायचं

नाही, नाही — माझा नंबर तू सांगायचा नाहीस. चांगल्या मनानं म्हणालीस, कळलं मला. ‘सर, तुमची टाच सोललीय, तुम्ही या बाकावरच बसा, मी रांगेत उभी राहून बावीसही म्हणते आणि चोवीसही.’ पण नको. बस जरा. अजून शिट्टी कुठे झालीय? लोटन हात धुतल्याशिवाय बाहेर यायचा नाही, आणि कालच्या बट्ट्यांचं तूप लवकर निघत नाही.

रक्त? कुठे — हो की. मोजा ओला लागत होता खरा. मला वाटलं दंव असेल, सकाळी ग्राउंडवर फिरलो ना. नाही गं, दुखत नाही. वर्ष झालं, असंच होतंय माझं. परवा घरी तव्याला बोट लागलं, वास आला तेव्हा कळलं. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला साखर तपासा. साखर नाही. बरं, ती पट्टी आत ठेव तुझी. ठेव म्हणतो ना. मला नको. तुला पुढे लागेल.

मिसबाह ना तू? नशिराबादची. काल रात्री हॉलमध्ये तू सांगत होतीस ते ऐकलं मी, तापीच्या काठानं भुसावळपासून पार प्रकाशा गावापर्यंत नऊ दिवस एकटी चाललीस, आणि अम्मी रोज पाच वाजता फोन करून एकच विचारायची — सावलीत आहेस ना? सगळे हसले. मी पण हसलो असेन. इथली माणसं चांगली आहेत, तुला कळेलच. जराशी वेडी आहेत. येताच तुझी बॅग ताणकाट्याला टांगली की नाही त्यांनी? टांगणारच. धुळ्याचे ते दोघे शर्टाच्या कॉलरमागचं लेबलसुद्धा कापून टाकतात — वजन नको म्हणून. आमच्याकडे तर दात घासायचा ब्रश अर्धा कापलेला होता. मी म्हटलं, यानं काय होतं? तर म्हणाली, बाबा, चार ग्रॅम. मी म्हटलं, चार ग्रॅमनं काय होतं? तर म्हणाली, अशीच चार-चार ग्रॅम करत माणूस हलका होतो. तो अर्धा ब्रश आमच्या पिंप्राळ्याच्या घरी अजून मोरीतल्या पेल्यात आहे. तिची आई रोज पेला विसळते आणि ब्रश परत त्यात ठेवते.

मुलगी. मृणाली. हो — तीच. काल तुला सांगितलं असेल ना नोंदणीच्या टेबलावर? तेवीस नंबर कुणालाच दिलेला नाही, बावीसनंतर जरा थांबायचं, मग चोवीस म्हणायचं. तू थांबलीस काल. नीट थांबलीस. बाकीचे मान खाली घालतात, तू माझ्याकडे बघत होतीस. मागच्या वर्षी बावीस मी होतो आणि तेवीस ती. ती शेवटची. या वर्षी त्यांनी मला न विचारता परत बावीसच दिला आणि तेवीसची जागा मोकळी सोडली. प्रेमानं केलंय. मी काय म्हणणार? मी सही केली.

तू नवीन आहेस म्हणून सांगतो, ही मोजणीची पद्धत लोटनची. साक्रीकडचा, वायरमन आहे. वीस वर्षं हा डोंगर चढणाऱ्यांचा मेळावा पिंपळनेरला भरतोय आणि वीस वर्षं डोंगरावर पुढे तोच. कागद नाही, यादी नाही — दर चाळीस मिनिटांनी थांबायचं, शिट्टी वाजवायची आणि पुढून मागे ज्यानं त्यानं आपला आकडा ओरडायचा. शेवटचा आकडा आला की तो अहिराणीत म्हणतो, ‘बठ्ठा शेतस? चला.’ सगळे आहेत ना, चला. बस. मागे वळून बघायचं नाही — कशाला बघायचं, आकडा आला म्हणजे माणूस आलं. मला फार आवडली होती ती पद्धत. मास्तर ना मी. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवतोय आणि अठ्ठावीस वर्षं हजेरी घेतोय. माझ्या वर्गात एकच नियम — आपापली हजेरी आपापल्या तोंडानं. मागच्या बाकावरून बारीक आवाज काढून दुसऱ्याच्या नावाला ‘हजर सर’ म्हणणारं पोरगं मी हजेरीपुस्तकातून डोळे न उचलता पकडायचो. तास संपेपर्यंत दाराशी उभं. मृणाली माझ्याच शाळेत होती, तिलाही एकदा उभं केलंय. मैत्रिणीची लावत होती. घरी येऊन दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिची आई म्हणाली, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात.

पाणी आहे का तुझ्याकडे? — दे. आभारी आहे.

लोटन मागच्या वर्षीपासून डोंगरावर चढलेला नाही, माहितेय ना तुला? कढईमागे उभा राहतो. काल वाढताना माझ्या ताटात दोन बट्ट्या जास्त टाकल्या आणि तूप ओतत राहिला, मी पुरे म्हटलं तरी ओतत राहिला. वर बघितलं नाही. आज शेवटची मोजणी तो घेणार आणि शिट्टी जितेंद्रच्या गळ्यात घालणार, मागच्या वर्षी माझ्यापुढे चालत होता तो. मग जितेंद्र पुढे, आपण मागे, आणि दुपारी खाली आल्यावर सभेत लोटनचं नाव मंडळाच्या फलकावरून निघणार. त्यानंच सांगितलंय काढायला. पोलिसांनाही त्यानंच सांगितलं, मंडळालाही — मी मोजण्यात चुकलो. बावीसच आकडे आले होते, मी तेवीस ऐकले. माझ्या घरी आला होता दहाव्या दिवशी. दारातच उभा राहिला, चपला हातात. ‘सर, चूक मनी शे.’ चूक माझी, एवढंच. तिची आई आतून बाहेर आली नाही. अजूनही कुणी लोटनचं नाव काढलं की ती समोरचं ताट सरकवते. आणि मी — मी जेवत असतो.

काय म्हणालीस? नाही, तसं नाही. माणूस चुकतो वगैरे ठीक आहे, पण लोटन चुकला नव्हता. तेवीस आकडे आले होते.

आले होते म्हणजे — तू जा, रांग लागतेय बघ. नाही? बरं. बस मग.

डोंगराच्या सोंडेवर होतो आम्ही, खिंडीच्या अलीकडे. वारा होता. एकामागे एक चालायची वाट, माझ्यामागे फक्त ती. शिट्टी झाली तेव्हा ती थांबलेलीच होती, नवीन बूट टाचेला लागत होता. म्हणाली, बाबा, मी पट्टी लावून येते दोन मिनिटांत, माझा नंबर तुम्हीच सांगून टाका, नाहीतर लोटनभाऊ सगळी माणसं थांबवून ठेवतील माझ्यासाठी. मी म्हटलं, तुला माहितेय ना माझा नियम? तर म्हणाली, आज रविवार आहे, सर. सर म्हणाली, मुद्दाम. हसत होती. मग पुढून आकडे येत गेले — एकोणीस, वीस, एकवीस — एकवीस जितेंद्र — मी बावीस म्हटलं. आणि तोंडावर हात धरून, बारीक आवाज काढून — अगदी त्या मागच्या बाकावरच्या पोरांसारखा — तेवीस.

मी चांगला काढला आवाज. इतकी वर्षं ऐकलेला ना.

‘बठ्ठा शेतस? चला.’

चाललो. मी मागे का वळलो नाही, हेच विचारतेयस ना तू डोळ्यांनी? ती नेहमी मला मागून येऊन गाठायची, तरुण पाय, मला सवय होती. आणि जितेंद्रनं वांग्याचा विषय काढला होता — भरताला आसोद्याचं वांगं चांगलं की बामणोदचं. चाळीस मिनिटं आम्ही वांग्यावर बोललो. मी बामणोदच्या बाजूनं होतो. बिया कमी असतात, साल पटकन सुटते, असं सगळं मी पटवून देत होतो त्याला. मग पुढची शिट्टी झाली, मी बावीस म्हटलं, आणि मागे आवाज नाही.

वाटेच्या खाली पंधरा-वीस फूट, बोरीच्या झुडपात होती. एक बूट पायात नव्हता, तो वर वाटेवर नीट ठेवलेला. टाचेची पट्टी अर्धी चिकटवलेली. बसली होती तो दगडच सुटला. तिच्या बॅगेला शिट्टी होती — वाजवली का नाही, ते कळायला मार्ग नाही. वारा आमच्याकडून तिच्याकडे वाहत होता. तेवढं भूगोलाच्या मास्तरला कळतं. डॉक्टरला मी एकट्यात गाठून विचारलं, चाळीस मिनिटं आधी सापडली असती तर? तो म्हणाला, सर, सांगता येत नाही. चांगला माणूस. नाही म्हणाला असता तर मी सुटलो असतो, हो म्हणाला असता तरी काहीतरी झालं असतं. तो म्हणाला, सांगता येत नाही.

नाही, कुणालाच सांगितलं नाही. तिच्या आईलाही नाही. कसं कोण जाणे, पहिल्या दिवशी राहून गेलं. दुसऱ्या दिवशी लोटननं स्वतःवर घेऊन टाकलं होतं. मग वर्ष गेलं. शाळा सुरू झाली. मी हजेरी घेतो अजून, जूनमध्ये एका पोरानं मित्राची लावली — मला कळलं, पेनसुद्धा थांबलं — आणि मी ‘हजर’ लिहिलं.

लोटनला ठाऊक असेल का? आता तू अगदी मास्तरासारखं विचारलंस. वीस वर्षं माणसं डोळ्यांनी नाही, आवाजानं मोजतो तो. अंधारात खोकला ऐकून सांगतो, हा चिंधा आणि हा नथ्थू. त्याला बाप कोण आणि लेक कोण, कळलं नसेल? वारा होता म्हणा. वारा होता. मी विचारलं नाही त्याला. काल ते तूप ओतत होता ना, तेव्हा तोंडाशी आलं होतं. पण मागे रांग होती जेवायला.

रडू नकोस, बेटा. मला येत नाही रडू, आणि तू रडलीस की मला काय करावं ते सुचत नाही. हे सगळं तुला सांगायचं नव्हतं. तू फक्त एवढंच म्हणालीस की तुमचा नंबर मी सांगते.

मी का आलो इथं? घरी सांगितलं धुळ्याला लग्न आहे. खोटंच. नोंदणीच्या फॉर्मवर ‘सहभागी होण्याचं कारण’ अशी एक ओळ आहे, तू काय लिहिलंस? — निसर्ग. बरोबर, सगळे तेच लिहितात. मी ती ओळ कोरी सोडली. काल दिवसभर लोटनला एकट्याला गाठायचं म्हणून फिरत होतो, आणि तो माझ्यापासून लांब राहायचं म्हणून कांदे चिरत होता. सात-आठ किलो कांदे चिरले त्यानं. एकट्यात नाही जमायचं. ते आता कळलं. एकट्यात सांगितलं तर तो म्हणेल, राहू द्या सर, आणि मी राहू देईन.

ऐक — झाली शिट्टी. तो बघ, टॉवेलला हात पुसत आला. म्हातारा दिसायला लागलाय. ऊठ, तुझी जागा घे. मी उभा राहतो — नको, हात नको, येतंय मला. टाच दुखत नाही म्हटलं ना. जरा दुखतेय. चालेल.

एक काम कर माझं. बावीसनंतर थांबायचं सांगितलंय ना तुला? काल जेवढं थांबलीस, त्याहून जास्त थांब. कुणी हातानं खुणावलं, जितेंद्रनं मागे वळून बघितलं, तरी चोवीस म्हणू नकोस. मला त्या जागेत बोलायचंय. दोनच वाक्यं आहेत, पाठ केलीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं, माझ्या आवाजात. मग तुझा आकडा सांग, नाहीतर सांगू नकोस, तुझी मर्जी. मग ते मला डोंगरावर नेतात का इथूनच परत पाठवतात, ते बघू. घरी संध्याकाळपर्यंत पोचेन. तिथंही दोनच वाक्यं आहेत.

आता बोलू नकोस. सोळा. सतरा. हा नथ्थूचा आवाज. एकोणीस.

माझ्याकडे बघू नकोस गं, समोर बघ.

बावीस!