व्हिएन्ना की डब्लिन

बल्गेरियातल्या विदिन गावच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या राद्काच्या कानावर मागच्या बाकावरच्या मायलेकांचं बोलणं पडत होतं.

“आई, सॉफ्टवेअरच्या दोन नोकऱ्या चालून आल्यात. डब्लिनला पगार दुप्पट आहे, व्हिएन्नाला कमी.”

“व्हिएन्नाहून घरी यायला किती वेळ लागतो?”

“गाडीनं एक दिवस. पण पगार बघ ना!”

“आपल्याकडे माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी पुरतात, प्लामेन. बाबांच्या मातीला तू लंडनहून पोचलास, तेव्हा थडग्यावरची फुलंसुद्धा सुकली होती.”

“विमानच मिळालं नाही गं.”

“बोल नाही लावत रे. व्हिएन्ना घे.”

“तुला काय धाड भरणार आहे? शंभरी गाठशील!”

“बरं.”

“आत डॉक्टर काय म्हणाले? कागद दाखव बघू.”

“आधी शहर ठरव.”