केळझरच्या टेकडीवरचा हट्ट

लेकरांच्या हट्टाचं काय सांगता, माझ्या थोरल्या वसंताचं ऐका! आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आम्ही सिंदीला राहायचो. दुसऱ्या खेपेला मला नववा लागला होता. सुखरूप सुटका व्हावी म्हणून सासूबाईंनी केळझरच्या गणपतीला नेलं. देवळाची टेकडी कशीबशी चढले. उतरताना मात्र तिसरं लागलेला वसंता वाटेतच फतकल मारून बसला.

"मले कडेवर घे."

"राजा, माह्या पोटात बाळ हाय. तुले कशी घेऊ?"

त्यानं माझ्या पोटाकडे नीट निरखून पाहिलं. "मंग त्याले खाली ठेव. त्याले चालू दे."

सासूबाई इतक्या हसल्या की हातातलं प्रसादाचं ताट डुगडुगायला लागलं. मीही हसता हसता एका दगडावर टेकले, ती टेकलेच. काही केल्या उठता येईना. हसून पोट दुखतंय की कळा येताहेत, तेही कळेना. सासूबाईंचं हसू पळालं.

"इथंच बाळंत होतेस का वं माय?"

वसंता उभा राहिला. माझं बोट धरून म्हणाला, "ऊठ. मी ओढतो."

एकीकडून सासूबाईंनी हात दिला, दुसरीकडून यानं ओढलं, तेव्हा कुठे उठले. दोन पावलं टाकली आणि दुखणं थांबलं. पण त्यानं बोट सोडलं नाही. धापा टाकत पायथ्यापर्यंत मला ओढत आणलं.

खाली आमचे हे बैलगाडीपाशी उभे होते. "अरे वा! पायी आला तू?"

"बाळाले चालता येत नाई," वसंता म्हणाला. "म्हून मीच दोघायले घेऊन आलो."