मामाकडचा डबा

रविवारचा जुना बाजार उठत होता. यशवंतपूरच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं. बाईंनी नुकताच घेतलेला पितळी डबा पदराने पुसला.

“अहो, काठाखाली नाव घातलंय. मराठीत! वाचा ना.”

“‘चि. सौ. कां. शालन हिस, उमाकांतमामाकडून.’”

“अगंबाई! आपल्या शालनचा?”

“बेळगावात कासाराच्या समोर बसून घालून घेतलं होतं मी हे नाव.”

“मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तर सगळं छान चाललंय म्हणाली.”

“चहाचे कप शेजारच्या अक्कांकडून आणले होते तिनं. मागच्या दारानं. मी पाहिलं.”

“मग तेव्हाच विचारलं का नाही?”

“हसत होती गं ती.”

नवऱ्याने डबा आपल्या हातात घेतला.

“चोरीला गेला असेल डबा. घरात चोर शिरला असेल.”

“मीही त्या दुकानदाराला तेच म्हटलं. चोरीचा दिसतोय, अर्ध्यात दे.”

“मग?”

“‘नाही अक्का,’ म्हणाला, ‘एक मराठी बाई स्वतः आणून देते. दर रविवारी एकेक भांडं.’”