दीड सेकंद

(परळी वैजनाथ. रेवणप्पांचं किराणा दुकान, दुपारची वेळ. मुलगी ईश्वरी अंबाजोगाईच्या कॉलेजातून सुट्टीला आली आहे.)

ईश्वरी : असं नाही अप्पा. "आधी आवाज आला, मग हादरलं" एवढं सगळेच सांगतात. मधे किती वेळ गेला ते सांगा.

रेवणप्पा : तीस-बत्तीस वर्सांनी कसं सांगू? घड्याळ धरून बसलतो का मी?

ईश्वरी : अंदाजे सांगा. तीस सप्टेंबरला कॉलेजात किल्लारीच्या भूकंपावर माझं भाषण आहे. बाकीचे पुस्तकातलं बोलणार. माझा बाप त्यातून वाचलेला, अन् मलाच धड काही माहीत नाही.

रेवणप्पा : लई येळ गेला. लिही तसंच.

ईश्वरी : लई म्हणजे?

रेवणप्पा : म्हंजे मी गोठ्यात होतो. जमिनीतनं गुरगुर आली, म्हशीनं दावं तोडलं. मी घराकडं तोंड करून हाका मारल्या. आईला मारली, मंगलला मारली. दोघी बी गाढ झोपल्या होत्या, उठल्याच न्हाईत. मग भिंत आली.

ईश्वरी : मंगलआत्याचं हे मी लहानपणापासून ऐकतेय. पण ते जमत नाही.

रेवणप्पा : काय जमत न्हाई?

ईश्वरी : थांबा, ती सुतळी द्या. हं, एक टोक धरा. खाली जमीन फुटली की दोन लाटा एकदमच निघतात. पहिली ढकलत येते. आपल्या पोत्यांच्या रांगेला मागून धक्का दिला की पुढच्या पोत्यापर्यंत पोचतो ना, तशी. ती सेकंदाला सहा किलोमीटर पळते. तुम्ही ऐकली ती गुरगुर तिचीच.

रेवणप्पा : अन् दुसरी?

ईश्वरी : दुसरी ही. बघा, सुतळी आडवी झटकली की कशी वळवळत गेली. ती हळू, सेकंदाला साडेतीन किलोमीटर. पण घरं पाडते ती. तुमचं गाव केंद्रापासून किती लांब?

रेवणप्पा : आसंल दहा-बारा किलोमीटर.

ईश्वरी : बारा धरू. म्हणजे पहिली पोचली दोन सेकंदांत, दुसरी साडेतीनच्या आत. मधे राहिला दीड सेकंद. अप्पा, दीड सेकंदात दोन हाका होत नाहीत. एक जेमतेम होईल.

रेवणप्पा : पुस्तकातलं काय बी असतंय.

ईश्वरी : रागावू नका. मी खोटं म्हणत नाही तुम्हाला. भाषणात सांगायचं तर बरोबर पाहिजे ना?

बायनाबाई : शेठ, चहाची लहान पुडी द्या. आन् डोळे काहून लाल झाले वो तुमचे?

रेवणप्पा : मिरचीचं पोतं फोडलंय, बायनाबाई. ही घ्या पुडी.

बायनाबाई : पाणी मारा डोळ्यावर. येते.

ईश्वरी : अप्पा, मिरचीचं पोतं कुठंय?

रेवणप्पा : न्हाई.

ईश्वरी : अप्पा?

रेवणप्पा : म्या हाका मारल्याच न्हाईत. मी उघड्या जागंवर पळालो. बास. आता जा जेवायला.

ईश्वरी : कुणीही पळेल. त्यात तुमचं काय चुकलं?

रेवणप्पा : पळालो त्याचं न्हाई गं. आदल्या साली भुई लई दिवस गुरगुरत होती. तवा समदं गाव अंगणात निजायचं. मग लोक कटाळले, घरात गेले. पर एक चाल पडली. रातच्याला दाराला कडी घालायची न्हाई. हादरलं की दार ढकलायचं अन् भायेर. बारक्या लेकरांना बी ठाऊक होतं. आमच्या आईनं तर आतली कडीच उपटून टाकलती.

ईश्वरी : बरं केलं की.

रेवणप्पा : त्या राती गणपती बुडवून आलो. पहाटं म्हैस वरडाया लागली म्हणून उठलो. घरात प्रसादाचं ताट उघडं होतं, अन् अंगणात कुत्री. कुत्रं आत शिरंल म्हणून मी जाताना भायेरनं कडी घातली. दोन मिंटासाठी.

ईश्वरी : बाहेरून.

रेवणप्पा : तुझ्याच वयाचा होतो. एकोणीस. मंगल तेरा, मला अण्णा म्हणायची. तुझ्या आईला बी म्या हे सांगितलं न्हाई. दगडं उचलाया मिलटरी आली, त्यांच्यादेखत ती कडी म्या हातानं काढली अन् धोतरात लपवली. लाज वाटती गं, ईश्वरी. जगल्याची लाज वाटती.

ईश्वरी : अप्पा, इकडं बसा. हात द्या.

रेवणप्पा : मला येक सांग. तू शिकलीस. कडी नसती तर आल्या असत्या का त्या भायेर?

ईश्वरी : नाही.

रेवणप्पा : मला बरं वाटावं म्हणून नको सांगू.

ईश्वरी : दीड सेकंद, अप्पा. झोपेतला माणूस त्यात डोळे उघडत नाही. अंगावरची वाकळ निघत नाही. तेवढी जाड भिंत, वर मातीचं माळवद. कडी असती काय अन् नसती काय.

रेवणप्पा : तुमच्या सरांनी सांगितलं हे?

ईश्वरी : मी सांगतेय. आत्ता तुमच्यासमोरच काढलं ना?

रेवणप्पा : दीड सेकंद.

ईश्वरी : फक्त दीड.

रेवणप्पा : पर दार वाजत होतं.

ईश्वरी : वाजणारच. पहिली लाट आली की दारं, खिडक्या, फळीवरची भांडी, सगळं खडखडतं. पुस्तकात दिलंय.

रेवणप्पा : दिलंय?

ईश्वरी : हो. दाखवू का?

रेवणप्पा : राहू दे. दिलंय म्हंजे आसंल.

ईश्वरी : मग आता रडू नका ना. पाणी आणू?

रेवणप्पा : अन् ईश्वरी... "अण्णा, कडी काढ" म्हणून आतनं कोण म्हणत होतं, ते बी दिलंय का?