चौदातले दोन

...आणि वर ती कोर्टाची कारकूनबाई हसून काय म्हणते? "आपल्या सेवेची काउंटीला कदर आहे." सकाळचे साडेसात, बाहेर गुडघाभर बर्फ, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ज्यूरीसाठी बोलावलेली साठ माणसं, कालचे डोनट, भिंतीवरच्या टीव्हीत फडकणारा झेंडा... म्हणे कदर. तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं याच कोर्टाच्या बातम्या दिल्यात मी. इथं कदर कशाची होते ते मला शिकवू नका.

मला वाटलं, पत्रकाराला ज्यूरीवर ठेवतो कोण? दुपारी घरी. सरकारी वकील म्हणाला, "पोलिसांवर विश्वास आहे?" म्हटलं, नाही. दुसरा, आरोपीचा वकील, म्हणाला, "आरोपींवर?" म्हटलं, नाही, आणि तुमच्यावरही नाही. दोघंही खूश. "छान, निःपक्षपाती आहात. बसा." आणि ती कारकूनबाई, लोर्ना, कानाशी येऊन, "सेवेची कदर आहे हं."

खटला काय, तर वांडा कुझ्मा, शाळेच्या बसची ड्रायव्हर, पन्नाशीची. तिनं म्हणे बस तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरच्या डोक्यात बर्फाचं फावडं घातलं. ती म्हणते, तो घसरून आपटला. दोषी ठरली की बसची नोकरी सुटली, कायमची. इन्स्पेक्टर ऐटीत सांगतो, "उजव्या हातानं, असं डोक्यावरून उगारून." आणि ही साक्षीला उभी राहिली, शपथेला हात वर केला तो डावा. न्यायाधीश म्हणाले, "उजवा, बाई." "उजवा खांद्याच्या वर जात नाही, साहेब. चार वर्षं झाली." "बरं, डावा चालेल." संपलं. तिचा वकील फायलीत डोकं घालून, एक प्रश्न नाही. अरे बाबा, शपथेला न जाणारा हात फावडं घेऊन कसा वर गेला?

म्हटलं थांबा, एकदा आम्हा ज्यूरीला निकालासाठी दार लावून बसू दे. बाकीचे काय, एक जांभया देतोय, एक नखं कुरतडतेय, यांना मीच सांगायला हवं.

आता आमच्या न्यू जर्सीत ज्यूरीवर बसवतात चौदा आणि शेवटी चिठ्ठ्या काढून दोघांना गाळतात, निकाल उरलेल्या बारांचा. हे मी बत्तीस वर्षं लिहीत आलोय, पण त्या दिवशी डोक्यातच नाही. लोर्नानं चिठ्ठ्यांचं पिंप फिरवलं, पहिली चिठ्ठी, सात नंबर. मी. "बाहेर थांबा, कोणाशी बोलायचं नाही. सेवेची कदर आहे."

बाकावर बसलो, तोंड बंद. ती बाई बारा जांभयांच्या हवाली...

पन्नास मिनिटांत निकाल. निर्दोष. जांभईवाल्याला गाठलं, हात लक्षात आला होता?

"शपथेचा? तो कोणाला नाही दिसला, काका? आम्ही नुसते सँडविच येईपर्यंत थांबलो होतो."

मागून वांडा आली. एकेकाचा हात हातात घेतला, बाराही जणांचा, आणि माझ्यापाशी थबकली. "आणि आपण?"

म्हटलं, "मी होय? मी जरा बसायला आलो होतो."