पाच ग्लास पाणी

मनगटाच्या एक्स-रेसाठी मी सोनोग्राफी सेंटरात बसले होते. शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकायचं नाही, असं अगदी ठरवलं होतं हं!

“अरे, पाणी पिऊन यायला मला सांगितलं होतं. तुला कुणी सांगितलं पाच ग्लास ढोसायला?”

“तू एकटीच कशी पिणार?”

“मग आता जाऊन ये ना. तुझ्या पायांनी अख्खं बाकडं हलतंय.”

“नको. नंबर लागला तर?”

“दोन मिनिटांत काय होतंय?”

“मागच्या वेळी दोन मिनिटंच फोन घ्यायला बाहेर गेलो होतो. बाळाचे ठोके नाहीत, हे तू एकटीने ऐकलंस.”

“त्यात तुझा काय दोष?”

“या वेळी काहीही असो, दोघांनी ऐकायचं.”

“बरं बाबा. पण आत मला हसवू नकोस हं, माझीही टाकी भरलीय.”

नंबर पुकारला. दोघंही अंग चोरत, जपून पावलं टाकत आत गेली.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि तो बाथरूमकडे सुसाट सुटला.

“अरे, हळू! पडशील!”

मग बाथरूम रिकामं व्हायची वाट बघत, डोळे पुसत, हसत ती माझ्याशेजारी टेकली.

“डॉक्टर म्हणाल्या, झालं, जा आता. तर हा म्हणतो, ठोके अजून एकदा ऐकवा ना!”